प्राचीन इजिप्तचे देव, पुराणकथा आणि मरणानंतरचं जग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचनालयांत आणि शाळांत मी इजिप्तवर स्लाइड दाखवत बोलते. शेवटी हात वर होतात आणि प्रश्न बहुतेक तेच येतात. ते इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे. एक मात्र आधीच सांगते. या लोकांना मरणाचं वेड होतं असं समजून वाचायला बसलात तर पुढचं काहीच नीट कळणार नाही. त्यांना नाईलकाठची शेती, घरची भाकरी आणि संध्याकाळची बिअर सोडवत नव्हती, म्हणून एवढा खटाटोप.

इजिप्तमध्ये एकूण देव किती होते?

लेखांत आलेली नावं मोजली तर हजाराच्या वर जातात. पण आकड्यापेक्षा महत्त्वाचं हे की प्रत्येक गावाचा आपला देव होता. मेम्फिसचा प्ताह, थीब्जचा आमुन, बुबास्टिसची मांजरीच्या तोंडाची बास्तेत, अस्वानजवळच्या एलिफंटाइन बेटावरचा मेंढ्याच्या तोंडाचा ख्नूम. गावाचं नशीब फळफळलं की देवाचंही फळफळायचं. थीब्जचे राजे बलवान झाले तसा तिथला आमुन ‘रा’ या सूर्यदेवाशी जोडला गेला आणि ‘आमुन-रा’ म्हणून साऱ्या देशाचा झाला. ग्रामदैवतं आणि तेहतीस कोटी देव ज्यांच्या घरातच आहेत त्यांना यात नवल वाटू नये.

मोठ्या देवळांच्या गाभाऱ्यात सामान्य माणसाला प्रवेशच नव्हता. त्याचे रोजचे देव वेगळे होते. बेस हा जीभ बाहेर काढलेला, फेंगड्या पायांचा बुटका, आणि तावेरेत ही पोट पुढे आलेली गरोदर पाणघोडी. दोघंही बाळंतीण आणि तान्ह्या मुलाची राखण करायचे. पलंगाच्या पायांवर, उशाखालच्या टेकूवर, आरशाच्या मुठीवर बेस सापडतो. मला इजिप्तच्या साऱ्या देवांत हा सर्वांत जवळचा वाटतो.

देवांना प्राण्यांची तोंडं का? ते प्राण्यांची पूजा करायचे का?

देव खरोखर असाच दिसतो, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. डोकं म्हणजे ओळखपाटी. हाथोर कधी पूर्ण गाय असते, कधी गाईचे कान असलेली बाई, तर कधी नुसती सुंदर स्त्री. अनुबिसचं घ्या. वाळवंटाच्या कडेला, दफनभूमीत, कोल्ही हिंडत. प्रेतं उकरणाऱ्या जनावरालाच प्रेतांचा रखवालदार करून टाकलं. कोल्हं काही काळं नसतं, पण अनुबिस नेहमी काळा रंगवतात. काळा हा राळ लावलेल्या मृतदेहाचा रंग आणि पूर ओसरल्यावर उरणाऱ्या सुपीक गाळाचाही. देशाचं जुनं नावच ‘केमेत’, म्हणजे काळी जमीन. शेताला काळी आई म्हणणाऱ्यांना याहून जास्त समजावून सांगायला नको.

आता पूजेबद्दल. मेम्फिसला एका वेळी एकच बैल ‘आपिस’ म्हणून निवडला जाई आणि तो प्ताहचं जिवंत रूप मानला जाई. तो मेला की राजासारखी अंत्यक्रिया व्हायची. १८५१ मध्ये ऑगस्ट मारिएत या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाला सक्कारा इथे या बैलांची भुयारी दफनभूमी सापडली, त्यात प्रचंड दगडी शवपेट्या होत्या. उत्तरकाळात मात्र नवस फेडायला मांजर, ससाणा, आयबिस पक्षी यांच्या ममी लाखोंनी तयार होऊ लागल्या. काही गुंडाळ्यांत पूर्ण प्राणी नसतोच, चार हाडं आणि चिंध्या निघतात. देवळाबाहेरचा धंदा तेव्हाही असाच चालायचा. पुढे १८९० मध्ये मांजरांच्या ममींचा जवळजवळ वीस टनांचा माल लिव्हरपूलला उतरला आणि खत म्हणून विकला गेला.

त्यांच्या मते जग कसं निर्माण झालं?

एकच उत्तर नाही, आणि त्याचा त्यांना त्रासही नव्हता. बहुतेक कथांत आरंभी अंधारं, अथांग पाणी आहे, त्याचं नाव नून. पूर ओसरताना नाईलमध्ये उंचवटा दिसू लागतो तसा त्यातून एक ढिगारा वर आला. त्यावर आतुम स्वतःच प्रकटला. त्याच्यापासून शू हा वारा आणि तेफ्नूत ही ओल, त्यांच्यापासून गेब आणि नूत. मेम्फिसचे पुजारी म्हणत की प्ताहने मनात आणलं, जिभेने उच्चारलं आणि वस्तू झाल्या.

यात एक गंमत आहे. आपल्याकडे आकाश बाप आणि पृथ्वी आई. तिथे उलटं: गेब ही जमीन पुरुष आहे, नूत हे आकाश स्त्री आहे. ती हातपाय टेकून त्याच्यावर कमान करून असते, रोज संध्याकाळी सूर्याला गिळते आणि सकाळी जन्म देते. शवपेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तिचं चित्र काढत. म्हणजे झाकण लागलं की मेलेला माणूस सूर्यासारखाच तिच्या पोटात.

ओसायरिसची गोष्ट थोडक्यात सांगाल का?

थोडक्यात सांगणं अवघड आहे, आणि एक अडचणही आहे. इजिप्शियन लेखांत ही कथा सलग कुठेच सांगितलेली नाही, नुसते उल्लेख येतात. सगळ्यांनाच माहीत असलेली गोष्ट कोण लिहून ठेवतो? सलग कथा मिळते ती प्लुटार्क या ग्रीक लेखकाकडून, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातली.

ओसायरिस हा चांगला राजा. त्याचा भाऊ सेथ याने गुपचूप त्याच्या अंगाचं माप घेऊन एक देखणी पेटी बनवली आणि मेजवानीत जाहीर केलं की जो हिच्यात नेमका मावेल त्याला ही भेट. ओसायरिस आत झोपला. झाकण पडलं, खिळे ठोकले, वरून शिसं ओतलं आणि पेटी नदीत. ती वाहत लेबनॉनच्या किनाऱ्यावर बिब्लॉसला लागली. तिच्याभोवती झाड वाढलं आणि तिथल्या राजाने त्या झाडाचा खांब करून महालात उभारला. बायको आयसिस शोधत तिथवर गेली, पेटी परत आणली. सेथला सुगावा लागला. त्याने प्रेताचे चौदा तुकडे करून देशभर फेकले. आयसिसने ते गोळा केले, फक्त लिंग मिळालं नाही, ते माशांनी खाल्लं होतं.

पुढचा भाग देवळांतल्या भिंतींवर कोरलेला दिसतो. आयसिस घारीचं रूप घेते, पंखांनी वारा घालून प्रेतात क्षणभर जीव आणते आणि तिला होरस होतो. ओसायरिस मात्र जिवंतांत परत येत नाही. तो मृतांचा राजा होतो. अंग हिरवं किंवा काळं, पाय गुंडाळलेले. हिरवं, कारण तो उगवणारं धान्यही आहे. तुतनखामुन राजाच्या थडग्यात ओसायरिसच्या आकाराची एक लाकडी चौकट मिळाली. तिच्यात नाईलचा गाळ भरून बार्ली पेरली होती आणि ती अंधारात उगवली होती. स्लाइड पाहून एक आजी म्हणाल्या होत्या, “अहो, हे तर आमच्या घटासारखं.” दोन्हींचा ऐतिहासिक संबंध नाही. पण डोळ्यांना तेच दिसतं, हे खरं.

सेथ म्हणजे त्यांचा सैतान का?

नाही. सेथ म्हणजे वाळवंट, वादळ, आडदांड ताकद. रात्रीच्या प्रवासात सूर्याची नाव अडवणाऱ्या अपोफिस या महासर्पाला भाला मारणारा सेथच असतो. नावेच्या पुढच्या टोकावर तोच हवा, कारण ते काम दुसऱ्या कुणाला झेपत नाही. सेती या राजांच्या नावातही तोच आहे.

होरस आणि सेथ यांच्या वारसाहक्काचा खटला एका पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावर, सापडतो, साधारण इ.स.पू. ११५० चा. तो अगदी तमाशातल्या वगासारखा आहे. देवांचं न्यायालय ऐंशी वर्षं निकाल देत नाही, मुख्य देव रुसून पाठ टेकतो. एकदा पैज लागते की दगडाच्या नावांची शर्यत लावायची. होरस रातोरात लाकडाची नाव करून तिला चुन्यासारखा गिलावा देतो. सेथ ती पाहून खरंच डोंगराचं शिखर कापून नाव बनवतो. सर्वांसमक्ष सेथची नाव बुडते. देवांची अशी टर उडवणारे लोक नास्तिक नव्हते बरं का.

‘का’, ‘बा’ आणि ‘आख’ म्हणजे काय? आत्म्याचेच प्रकार ना?

‘आत्मा’ हा शब्द इथे वापरला की घोटाळा होतो. माणूस बऱ्याच गोष्टींचा मिळून झालेला असे: शरीर, हृदय, नाव, सावली, ‘का’ आणि ‘बा’. ‘का’ म्हणजे जगवणारी शक्ती, तिला खाणंपिणं लागतं. थडग्यातला नैवेद्य तिच्यासाठी. ‘बा’ म्हणजे माणसाच्या डोक्याचा पक्षी. तो दिवसा बाहेर उडतो, झाडावर बसतो, पाणी पितो आणि रात्री शरीरापाशी परततो. सगळं नीट पार पडलं की मृत व्यक्ती ‘आख’ होते, म्हणजे तेजस्वी, समर्थ अस्तित्व.

पिंडाला कावळा शिवायची वाट पाहणाऱ्या मराठी माणसाला ‘बा’ लगेच आपलासा वाटतो. पण फरक लक्षात घ्या. आपल्याकडे शरीर जाळून मोकळं व्हायचं असतं, त्यांच्या ‘बा’ला परतायला तेच शरीर लागतं. नावाचंही तसंच. एखाद्याला कायमचं संपवायचं तर त्याचं नाव छिन्नीने खरवडून काढत.

‘मृतांचं पुस्तक’ हा त्यांचा धर्मग्रंथ होता का?

नव्हता, आणि नावही त्यांचं नाही. १८४२ मध्ये रिखार्ड लेप्सियस या जर्मन विद्वानाने ते दिलं. मूळ नावाचा अर्थ ‘दिवसा बाहेर पडणं’. मंत्रांचा हा साठा साधारण दोनशेच्या आसपास. प्रत्येक जण ऐपतीप्रमाणे त्यातले मंत्र निवडून गुंडाळी करून घ्यायचा. परलोकातल्या दारांवरच्या रखवालदारांची नावं, सापाला पळवायचे मंत्र, ससाणा किंवा कमळ होण्याचे मंत्र, डोकं खाली पाय वर चालावं लागू नये म्हणून मंत्र.

या मंत्रांचे पूर्वज आणखी जुने. सक्कारा इथे उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये, साधारण इ.स.पू. २३५० च्या सुमारास, ते पहिल्यांदा भिंतीवर कोरले गेले. तेव्हा ते फक्त राजासाठी होते. गिझाच्या तीन मोठ्या पिरॅमिडांत असा मजकूर नाही. पुढे ते श्रीमंतांच्या शवपेट्यांवर आले आणि मग पपायरसवर.

सर्वांत प्रसिद्ध गुंडाळी अनी नावाच्या लेखनिकाची, इ.स.पू. १२५० च्या सुमाराची, जवळपास चोवीस मीटर लांब. वॉलिस बज यांनी १८८८ मध्ये ती ब्रिटिश म्युझियमसाठी मिळवली आणि ३७ तुकड्यांत कापली. हे कापणं आजही बघवत नाही. तिच्यात जवळून पाहिलं की कळतं, काही भाग आधीच तयार होते. नावासाठी मोकळी जागा सोडलेली आणि अनीचं नाव नंतर दुसऱ्या हाताने भरलेलं. लग्नपत्रिकेचा छापील नमुना असतो तसंच.

हृदय तोलतात ते नेमकं काय?

हा ‘मृतांच्या पुस्तका’तला १२५ वा मंत्र. मृत व्यक्ती दोन सत्यांच्या दालनात येते. तराजूच्या एका पारड्यात तिचं हृदय, दुसऱ्यात मात या देवीचं पीस. मात म्हणजे सत्य, न्याय, जगाची घडी. अनुबिस काटा पाहतो, आयबिसच्या तोंडाचा थोथ लेखणी घेऊन निकाल टिपतो. चित्रगुप्ताची आठवण इथे हमखास काढली जाते. बाजूला अम्मित दबा धरून असते: तोंड मगरीचं, पुढचं अंग सिंहाचं, मागचं पाणघोड्याचं. माणसं खाणारी नाईलकाठची तिन्ही जनावरं एकात. हृदय खोटं ठरलं तर ती ते गिळते आणि विषय संपतो. अनीच्या चित्रात त्याची बायको तुतू मागे उभी आहे आणि अनी कमरेत वाकलेला आहे. साऱ्या आयुष्याचा हिशेब समोर असताना वाकणारच.

या वेळी बेचाळीस न्यायाधीशांपुढे एकेकाचं नाव घेऊन म्हणायचं: मी चोरी केली नाही, मी खोटं बोललो नाही, मी चोरून ऐकलं नाही. त्याआधीच्या यादीत वजनात मारलं नाही, लेकराच्या तोंडचं दूध तोडलं नाही, वाहतं पाणी बांध घालून अडवलं नाही, असंही येतं. शेवटची दोन वाक्यं मला फार खरी वाटतात. ज्या देशात पाऊस जवळजवळ नाही तिथे पाटाचं पाणी अडवणारा हाच मोठा पापी.

आता मुलं विचारतात, खोटं बोललं तर? त्याचीही सोय होती. छातीवर हिरव्या दगडाचा भुंगा ठेवत आणि त्याच्या पोटाखाली हृदयालाच उद्देशून मंत्र कोरत: माझ्या आईकडून मिळालेल्या हृदया, माझ्याविरुद्ध साक्षीला उभं राहू नकोस. स्वतःच्या मनावर यांचा किती विश्वास होता ते यावरून बघा.

पास झालं की स्वर्ग?

बोरूचं शेत. पाटाचं पाणी, माणसाहून उंच गहू आणि बार्ली, बैल, नांगर, नाव. म्हणजे इजिप्तच, फक्त पीक बुडत नाही. पण शेत म्हटलं की राबणं आलं, आणि ते मात्र कुणालाच नको होतं. म्हणून ‘उशब्ती’ नावाच्या छोट्या मूर्ती सोबत पुरत. हातात कुदळ, पाठीवर टोपली. अंगावर सहावा मंत्र: मृताला शेत नांगरायला, पाणी द्यायला, वाळू वाहायला बोलावलं तर तू म्हण, “मी करतो, हा आलो.” सरकारी वेठबिगारीची इतकी सवय होती की तीही परलोकात गृहीत धरली, आणि बदली माणूसही.

तुतनखामुनच्या थडग्यात अशा ४१३ मूर्ती होत्या. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक म्हणून ३६५, दर दहा मजुरांमागे एक असे ३६ मुकादम, आणि दर महिन्याला एक असे १२ वरचे मुकादम. बेरीज करून पाहा, जुळते.

ममी कशी बनवायचे?

परंपरेने सत्तर दिवस. हेरोडोटस हा ग्रीक इतिहासकार सांगतो की नाकातून आकडा घालून मेंदू काढत. मेंदूची काहीच किंमत नव्हती, तो टाकून देत. विचार करणारं ते हृदय, म्हणून ते आतच ठेवायचं. फुप्फुसं, यकृत, जठर आणि आतडी वेगळी काढून होरसच्या चार मुलांच्या, म्हणजे त्यांची राखण करणाऱ्या चार देवांच्या, हवाली करत. मग शरीर नेट्रॉनमध्ये पुरून सुकवायचं. हा क्षार म्हणजे धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा यांचं निसर्गात सापडणारं मिश्रण, वादी नत्रूनच्या तळ्यांकाठी मिळणारं. नंतर तेल, राळ आणि लिननच्या पट्ट्यांचे वेढे. हे परवडणारे थोडेच. गरिबाला वाळूत पुरत, आणि गरम वाळू कधी कधी तेच काम फुकट करायची.

कारागीर माणसंच होती. कर्नाकच्या खोन्सू देवळातला नेस्पेरेनुब हा पुजारी इ.स.पू. ८०० च्या सुमारास वारला. ब्रिटिश म्युझियमने पट्ट्या न सोडता त्याचं सीटी स्कॅन केलं, तर डोक्याच्या मागे एक ओबडधोबड मातीचं भांडं चिकटलेलं दिसलं. राळ ओतताना ओघळ झेलायला ते ठेवलं असावं, राळ घट्ट झाली, भांडं निघेना. मग त्यांनी तसंच गुंडाळून टाकलं. जवळजवळ अठ्ठावीसशे वर्षं कुणाला कळलं नाही.

इजिप्तचे लोक पुनर्जन्म मानत होते का?

हेरोडोटस तसं म्हणतो, पण इजिप्शियन लेखांत चौऱ्याऐंशी लक्ष योनींसारखं काही सापडत नाही. ससाणा, कमळ, बगळा होण्याचे मंत्र ऐकून त्याची गल्लत झाली असावी. ती रूपं मृताने आपल्या मर्जीने दिवसभरासाठी घ्यायची, नवा जन्म म्हणून नव्हे.

मेलेले लोक त्रास देतात असं मानत का?

हो, आणि त्यावर ते पत्र लिहायचे. नैवेद्याच्या वाडग्यात आतल्या बाजूने मजकूर लिहून थडग्यात ठेवत, म्हणजे जेवताना वाचलं जाईल. लायडनच्या संग्रहालयात रामसेस राजांच्या काळातलं एक पत्र आहे, नवऱ्याने अंखिरी या मेलेल्या बायकोला लिहिलेलं. मी तुझं काय वाईट केलं म्हणून अशी मागे लागलीस, असं तो विचारतो. मोठ्या हुद्द्यावर गेलो तरी तुला सोडलं नाही, आजारी पडलीस तेव्हा वैद्य आणला, गेलीस तेव्हा चांगलं कापड दिलं, आता तीन वर्षं एकटा राहतोय, दुसरीच्या घरी गेलो नाही. प्रकरण देवांच्या न्यायसभेत नेण्याची धमकीही देतो. सारे मंत्र एका बाजूला ठेवावेत आणि हे पत्र वाचावं.

अखेनातेनने एकच देव आणला ना?

इ.स.पू. चौदाव्या शतकात या राजाने आतेन या सूर्यबिंबाखेरीज बाकीच्यांची देवळं मागे सारली, आमुनचं नाव ठिकठिकाणी खरवडलं, अमार्नाला नवी राजधानी बसवली. पण त्याच राजधानीतल्या कामगारांच्या घरांत बेसचे ताईत मिळालेत. तो गेल्यावर काही वर्षांतच तुतनखातेन या राजाच्या नावातला आतेन जाऊन आमुन आला, म्हणजे तुतनखातेनचा तुतनखामुन झाला.

ममीचा शाप खरा का?

नाही. तुतनखामुनच्या थडग्याच्या शोधाला पैसा पुरवणारे लॉर्ड कार्नारव्हन ५ एप्रिल १९२३ ला वारले, कारण डास चावलेली जागा दाढी करताना कापली गेली आणि ती चिघळली. थडगं शोधणारे आणि त्यात वर्षानुवर्षं काम करणारे हॉवर्ड कार्टर १९३९ पर्यंत जगले. शाप असेल तर फार आळशी होता.

भारतात ममी कुठे बघायला मिळेल?

महाराजा सयाजीराव गायकवाडांनी उभारलेल्या बडोद्याच्या संग्रहालयात आहे. कोलकात्याचं इंडियन म्युझियम, जयपूरचा अल्बर्ट हॉल आणि हैदराबादचं राज्य संग्रहालय इथेही आहेत. जाल तेव्हा आवाज खाली ठेवा, तिथे कुणीतरी झोपलंय.

हा धर्म संपला कधी?

एका दिवशी नाही. चित्रलिपीतला तारीख असलेला शेवटचा लेख फिले बेटावरच्या देवळात आहे, २४ ऑगस्ट ३९४ चा. सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहाने तिथली आयसिसची पूजाही बंद केली. लिपी विसरली गेली आणि १८२२ मध्ये शांपोल्यों या फ्रेंच विद्वानाने ती उलगडेपर्यंत देवांची नावं त्यांच्या मूळ लेखांतून कुणाला वाचता येत नव्हती.

तरी काही नावं शेतात राहिली. इजिप्तच्या कॉप्टिक, म्हणजे तिथल्या जुन्या ख्रिस्ती समाजाच्या, पंचांगातले महिने अजून ‘तूत’, ‘हातूर’ असे आहेत, म्हणजे थोथ आणि हाथोर. शेतकरी पेरणीचे हिशेब त्यावर करतात, मग तो ख्रिस्ती असो की मुसलमान. हातूर नोव्हेंबरात येतो, गहू पेरायच्या वेळी, आणि त्याची म्हण आहे: हातूर, विखुरलेल्या सोन्याचा बाप. आपल्याकडे पडतील स्वाती तर पिकतील मोती म्हणतात, तशी.